स्वतःच शिकलेली गिटार: वेग ९० ला अडलाय, आणि मी पळतो की रेंगाळतो तेच कळेना

सहावी_तार (१२ जुलै, रात्री ११:१०)

नमस्कार मंडळी. तीन-चार वर्षं नुसता वाचनमात्र आहे. पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

राहायला चिंचवड, वय ३६, नोकरी चाकणला एका कारखान्यात क्वालिटीत. गिटार घेऊन सहा वर्षं झाली. क्लास नाही, गुरू नाही. व्हिडिओ बघून आणि गाणी ऐकून जे हाताला लागलं तेवढंच. ओपन कॉर्ड सगळ्या येतात. एफ आणि बी मायनर बारे धरून (एकाच बोटाने सगळ्या तारा दाबून) वाजतात (बी मायनरची पहिली तार अजून मधूनच मुकी होते). पेंटॅटॉनिकचे (पाच स्वरांच्या स्केलचे) पाचही पॅटर्न पाठ आहेत. पण घोडं दोन ठिकाणी अडलंय.

एक, वेग. मेट्रोनोमच्या (ठरलेल्या वेगाने टिकटिक करणारं यंत्र) एका ठोक्यात चार स्वर असं स्केल वाजवतो. मिनिटाला ८० ठोक्यांना स्वच्छ, ९० ला कसंबसं, ९५ ला खिचडी. वर्ष झालं, काटा तिथेच आहे. रोज तासभर बसतो, त्यामुळे आळसावर ढकलायचीही सोय नाही.

दोन, टायमिंग. सोसायटीच्या गणपतीत आम्ही चौघं मिळून गाणी वाजवणार आहोत. काहोन (खोक्यासारखं तालवाद्य) वाजवणारा मित्र म्हणतो, "तू पळतोस." म्हटलं, तपासून बघू. घरी फोनवरच्या ॲपमध्ये ट्रॅक लावून त्यावर वाजवलं, रेकॉर्ड केलं. ऐकतो तर माझी गिटार ट्रॅकच्या मागे! दहा वेळा केलं, दहाही वेळा मागे. आता मित्र म्हणतो पुढे, रेकॉर्डिंग म्हणतं मागे. दोघांपैकी कुणावर विश्वास ठेवू?

गिटार ॲकॉस्टिक, तारा १२ च्या (जाडीचा आकडा), पिक (तारा छेडायची चकती) ०.४६ मिलिमीटरचं. गणपतीला साडेसहा आठवडे उरलेत.

घाटमाथा

मेट्रोनोमला पर्याय नाही. ६० पासून सुरू करा, आठवड्याला ५ वाढवा. घाई करायची नाही. मी असाच १४० ला पोचलो.

बोरूबहाद्दर

@घाटमाथा, १४० ला काय वाजवता?

घाटमाथा

स्केल.

बोरूबहाद्दर

आणि गाणं?

घाटमाथा

धागा धागाकर्त्याच्या अडचणीवर आहे. विषयांतर नको.

अळूवडी

आमच्याकडे मेट्रोनोम सुरू झाला की सासूबाई उठून मोरीतला नळ घट्ट करून येतात. दोन वर्षं झाली. अजून कुणी त्यांना सांगितलेलं नाही.

तबलावाली

मला गिटारचं ओ का ठो कळत नाही, पण ठाण्यात गेली २२ वर्षं तबला शिकवते आणि "हात ९० ला अडलाय" असं म्हणणारी मुलं दर महिन्याला बघते. म्हणून लिहिते.

तुम्ही वेग म्हणजे ठोका वाढवणं असं धरलंय. आम्ही ठोका हलवत नाही. मेट्रोनोम ५० वर ठेवा आणि विसरून जा. आधी एका ठोक्याला एक स्वर. मग दोन, म्हणजे दुगुण. मग तीन, मग चार. तशीच उतरंड: चार, तीन, दोन, एक. ठोका तोच, आतली दाटी बदलते. बहुतेकांची गाडी तीनवर घसरते. चारवरून तीनवर येताना हात चारचाच वेग ठेवू बघतो आणि मग ठोक्याची वाट बघत बसतो. त्या थांबण्याला आम्ही लयीतलं भोक म्हणतो.

आणि हे सगळं वाजवायच्या आधी तोंडाने. चारला "तिरकिट", तीनला "तकिट". हाताने टाळी, तोंडाने बोल. जे तोंडात बसलं नाही ते बोटात बसत नाही, हा माझ्या गुरुजींचा हट्ट होता. तेव्हा राग यायचा. आता मी तोच हट्ट करते आणि मुलांना राग येतो.

घाटमाथा

ताई, आदर आहे, पण गिटारला तबल्याचं गणित कशाला?

तबलावाली

@घाटमाथा, धागाकर्त्यांनी गणपतीत वाजवायच्या गाण्यांची यादी काढावी आणि त्यातली केहरव्यातली (आठ मात्रा) किती, दादऱ्यातली (सहा मात्रा) किती ते मोजावं. मग बोलू.

सहावी_तार

मोजलं. अकरापैकी आठ केहरवा, दोन दादरा. एक मला कळत नाही. सात मात्रा लागतायत.

तबलावाली

सात असतील तर बहुतेक रूपक. तीन, दोन, दोन असं मोजून बघा. आणि त्या गाण्यात "पळतोस" असं तो मित्र म्हणाला असेल तर त्याला माफ करा.

सनीवेलकर

इथे थोडा वेगळा सूर लावतो. घाटमाथा म्हणतात ती "आठवड्याला ५" वाली शिडी मी तीन वर्षं चढलो. दर वेळी ९५-१०० ला धपकन खाली. नंतर लक्षात आलं की ६० ला मी जी हालचाल करत होतो ती १२० ला होणंच शक्य नव्हतं. सावकाश वाजवताना पिक तारेच्या पुढे बोटभर जायचं, डाव्या हाताची बोटं इंचभर उचलली जायची. त्या वेगाला ते खपून जात होतं. म्हणजे रोज तासभर मी चुकीच्या हालचालीचाच रियाज करत होतो, आणि इमाने इतबारे.

आकडे मांडून बघा. ९० ला ठोक्यात चार म्हणजे सेकंदाला सहा स्वर. १२० ला आठ. दोन स्वरांत १२५ मिलिसेकंद. तेवढ्यात पिक लांब जाऊन परत येणार कसं?

मी काय केलं ते सांगतो. मेट्रोनोम थेट १२० ला. एकच तार. फक्त पाच स्वर: चार एका ठोक्यात आणि पाचवा पुढच्या ठोक्यावर. मग दोन ठोके गप्प बसायचं, हात सैल सोडायचा. परत पाच. घाण वाजेल, वाजू दे, पण पाचवा स्वर ठोक्यावरच पडला पाहिजे. दहा मिनिटं, त्याहून जास्त नाही. पाच जमले की नऊ, मग तेरा.

त्याआधी एक तपासणी. डावा हात काढून घ्या आणि मोकळ्या तारेवर नुसतं खाली-वर, खाली-वर वाजवा. उजवा हात एकटा कितीला मोडतो? तो ११०-१२० ला आरामात चालत असेल तर दोष त्याचा नाही, डाव्याचा किंवा दोघांच्या मेळाचा आहे. आणि ०.४६ चं पिक स्ट्रमिंगला छान, पण एकेक तार छेडताना ते स्वतःच वाकतं आणि सरळ व्हायला वेळ घेतं. एक मिलिमीटरच्या आसपासचं घेऊन बघा. टोक बोटांतून तीन-चार मिलिमीटरच बाहेर राहू द्या.

घाटमाथा

म्हणजे सावकाश रियाज करणारे सगळे मूर्ख?

सनीवेलकर

असं कुठे लिहिलंय? सावकाश करा, पण जलद वाजवताना हात जसा हलेल तसाच सावकाश हलवा. फोनच्या स्लो मोशनमध्ये स्वतःचा उजवा हात एकदा बघा. मला तर दुसऱ्याच कुणाचा हात वाटला.

मांडवीकाठ

हा वाद वाचून आजोबा आठवले. आमच्या गोव्यात पोर्तुगीज अमदानीत चर्चच्या शाळांमधून संगीत शिकवायचे. पोराच्या हातात व्हायोलिन नंतर यायचं. आधी सोल्फेज. हाताने मात्रा मोजत स्वर नावाने म्हणायचे. आजोबा सांगत, वाद्याला हात लावायच्या आधीच कंटाळा येऊन अर्धी पोरं मासे पकडायला पळायची. पण जी राहिली ती कागद समोर ठेवला की वाजवायची. मुंबईच्या सिनेमांच्या वाद्यवृंदांत गोवेकर भरले होते ते त्यामुळेच. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा ही नावं तर सगळ्यांना माहीत असतील.

तबलावाली ताई म्हणतात ते "आधी तोंडात" आणि आमचं सोल्फेज, गोष्ट एकच.

बोरूबहाद्दर

@मांडवीकाठ, सुंदर प्रतिसाद. पण यावरून "स्वतः शिकलेला तो कच्चा" असा सूर निघू नये म्हणून दोन पैसे माझे. जाझ गिटारवाल्या वेस माँटगोमेरीला नोटेशन वाचता येत नव्हतं. चार्ली ख्रिश्चनच्या रेकॉर्डी ऐकून ऐकून त्याने सोलो उतरवले. पिकही वापरत नसे, अंगठ्यानेच वाजवायचा. रात्री शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून ती सवय लागली असं सांगतात. (अळूवडी, सासूबाईंसाठी नोंद घ्या.) आणि दुसरा जाझ गिटारवाला जँगो राइनहार्ट, त्याचा हात १९२८ मध्ये आगीत भाजला. त्यानंतर तो सोलो मुख्यतः डाव्या हाताच्या दोनच बोटांनी वाजवायचा. त्याचा वेग ऐका आणि मग आपल्या चार बोटांकडे बघा.

अळूवडी

सासूबाईंना अंगठा चालेल. त्यांचा आक्षेप वाद्यावर नाही, नळावर आहे.

रा_रा_राघव

मुळात गिटार हे आपल्या संगीताला योग्य वाद्य आहे का, हा प्रश्न कुणी विचारत नाही.

बोरूबहाद्दर

विचारून झाला, उत्तरही मिळालं. ब्रिजभूषण काबरांनी रागसंगीत गिटारवर आणलं. विश्वमोहन भटांच्या मोहनवीणेला (तीही गिटारच, फेरफार केलेली) १९९४ मध्ये ग्रॅमी मिळालं. पुढचा प्रश्न?

टिपरी

धागाकर्ते, फुकटातला उपाय. जवळच्या देवळातल्या भजनी मंडळात जाऊन बसा आणि टाळ मागून घ्या. टाळ चुकला की अख्खा मंडप वळून बघतो. आमच्या इस्लामपुरात मी असाच सुधारलो. बुवा गाणं थांबवायचे नाहीत, नुसते भुवई उचलायचे. ती भुवई मला अजून स्वप्नात दिसते.

नाहीतर जुलैपासून नदीकाठी ढोल-ताशा पथकांचे सराव असतातच. लांब उभं राहून ताशावर कान ठेवा आणि ठोक्याच्या मधोमध टाळी द्यायचा प्रयत्न करा. ठोक्यावर कुणीही देतं.

तबलावाली

टाळ धरा याला दोन्ही हातांनी अनुमोदन. फक्त भजनात लय मुद्दाम चढवत नेतात, ती त्या प्रकाराची गंमत आहे. तीच सवय गाण्याच्या साथीत आली तर काहोनवाला परत बोलेल.

खुंटी

सगळे हाताबद्दल बोलताहेत, वाद्याबद्दल कुणीच नाही. मी मिरजेचा. आमच्या गल्लीत सतारी-तंबोरे होतात, मी मात्र गिटारी दुरुस्त करतो, त्यामुळे घरात थोडा नावडता आहे.

बाराव्या फ्रेटवर (दांड्यावरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) तारेची उंची किती आहे? फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत मोजायची. ॲकॉस्टिकला जाड तार अडीच मिलिमीटरच्या आसपास आणि बारीक तार दोनच्या आसपास असली की हात सुखाने चालतो. पावसाळ्यात लाकूड ओल धरतं, पुढची फळी फुगते, ब्रिज (तारा जिथे अडकवतात तो तुकडा) वर येतो, तारा उचलल्या जातात. त्यात तुमच्या १२ च्या तारा. मग दाबायला जास्त जोर, जास्त जोर म्हणजे हात आवळलेला, आणि आवळलेला हात पळत नाही. सहा वर्षांत सेटअप (तारांची उंची वगैरे नीट बसवून घेणं) केलाय का?

सहावी_तार

@खुंटी, सेटअप म्हणजे काय तेच आत्ता वाचलं. कारखान्यातून फिलर गेज घरी आणला (उद्या परत नेणार आहे, साहेब इथे असतील तर नमस्कार). जाड तार ३.४, बारीक २.७. तीनदा मोजलं, धंद्याची सवय.

@सनीवेलकर, उजवा हात मोकळ्या तारेवर १२६ ला पण चालला! मी तर समजत होतो की उजवाच बावळट आहे.

खुंटी

३.४ म्हणजे जिना चढून वाजवताय. आधी नेकचा (दांड्याचा) बाक बघायचा, तो ठीक असेल तर सॅडल (ब्रिजवरची पट्टी, जिच्यावर तारा टेकतात) खालून घासायची. बाराव्या फ्रेटला अर्धा मिलिमीटर उतरवायची तर सॅडल एक मिलिमीटर जाते, दुप्पट. हे ध्यानात न घेता एकाने कानशीने सगळीच घासून आणली होती माझ्याकडे. तारा फ्रेटवर झोपल्या होत्या. तुम्ही स्वतः करू नका. तुमच्याकडे पुण्यात करणारे आहेत. आणि पुढच्या वेळी ११ च्या तारा घाला.

शून्य_डेसिबल

दोन दिवस धागा वाचतोय. मी अंधेरीला रेकॉर्डिंगचं काम करतो. वेगावर छान चर्चा झाली, पण धागाकर्त्याचा दुसरा प्रश्न सगळ्यांनी बाजूला ठेवला. मित्र म्हणतो पुढे, रेकॉर्डिंग म्हणतं मागे. या दोन्ही गोष्टी एकाच हाताच्या कशा असतील?

सहावी_तार, मला तीन गोष्टी सांगा. हेडफोन वायरचे की ब्लूटूथ? ट्रॅकचा वेग किती होता? आणि रेकॉर्डिंगमध्ये गिटार मागे पडते ती कधी थोडी, कधी जास्त, की पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखीच?

सहावी_तार

ब्लूटूथ इअरबड. ट्रॅक १०० चा. आणि... तुम्ही विचारल्यावर परत ऐकलं. सारखीच. पहिल्या ठोक्यापासून तेवढीच मागे.

शून्य_डेसिबल

मग तो दोष तुमचा नाही.

ब्लूटूथमधून आवाज कानापर्यंत पोचायला वेळ लागतो. साधारण दीड-दोनशे मिलिसेकंद धरा, काही इअरबडमध्ये त्याहूनही जास्त. तुम्ही उशिरा ऐकता आणि जे ऐकता त्यावर बरोब्बर वाजवता. ॲपला वाटतं तुम्ही ट्रॅक वेळेवरच ऐकलात. त्यामुळे सगळं वाजवणं तेवढंच सरकून बसतं. १०० च्या ट्रॅकमध्ये ठोका ६०० मिलिसेकंदांचा, त्याचा चौथा भाग १५०. म्हणजे दोनशेचा उशीर हा एका स्वराहून मोठा. कानाला तो कळणारच. माणूस लयीत कच्चा असला तर कधी पुढे, कधी मागे होतो. दहा वेळा मोजून तेवढंच मागे राहणं हे यंत्राचं काम.

खात्री करायची असेल तर गिटार बाजूला ठेवा. ॲपमध्ये मेट्रोनोमचा ट्रॅक लावा. एक इअरबड कानातून काढून फोनच्या माइकला चिकटवा (रेकॉर्डिंग फोनच्याच माइकने होतंय ना ते बघा, इअरबडच्या माइकने नको) आणि काहीही न वाजवता रेकॉर्ड करा. मग स्क्रीन मोठी करून मूळ टिक आणि रेकॉर्ड झालेली टिक यांच्यातलं अंतर मोजा. तुम्ही क्वालिटीवाले आहात, जास्त सांगत नाही.

घाटमाथा

च्यायला. मी पण ब्लूटूथवरच रेकॉर्ड करतो.

बोरूबहाद्दर

@घाटमाथा, १४० चं स्केल ना? :)

सहावी_तार (१६ जुलै, पहाटे १२:५०)

मोजलं. ०.२१ सेकंद. एकदा नाही, सात वेळा, प्रत्येक वेळी ०.२१ च्या आजूबाजूला.

मंडळी, मी चार महिने स्वतःला मागे पडणारा समजून मुद्दाम पुढे ओढत वाजवत होतो. चार महिने! आणि मग मित्राच्या शेजारी बसून तेच करायचो, तिथे ब्लूटूथ नाही. तो म्हणणारच की पळतोस.

@शून्य_डेसिबल, चहा लागू आहे. चाकणला आलात तर मिसळ पण.

शून्य_डेसिबल

मिसळ घेईन. पण मित्राला इतक्यात निर्दोष सोडू नका आणि स्वतःलाही. आता वायरचे हेडफोन लावून परत रेकॉर्ड करा आणि कुठे सरकताय ते एकेका आवर्तनात बघा. सरासरी काढू नका. सरासरी सगळ्यांची बरी येते.

सहावी_तार (१९ जुलै)

पाच रुपये देऊन भंगारात जातील असे वायरचे इअरफोन ड्रॉवरमध्ये सापडले. केहरव्यातलं एक गाणं, १०० चा वेग, सोळा आवर्तनं. कारखान्यातल्यासारखा तक्ता केला, इथे टाकत नाही, हसाल. सारांश असा:

पहिले तीन ठोके जवळजवळ रेघेवर. चौथ्या ठोक्यावर मी एक छोटा फिल (मधली जागा भरणारा तुकडा) घेतो, टक-टकटक, तो घाईत संपतो आणि समेवर (पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या ठोक्यावर) मी ६०-७० मिलिसेकंद आधीच हजर. जिथे फिल नाही तिथे ठीक. आणि जिथे एफ येतो तिथे उलट, ४० उशीर. म्हणजे एका जागी पळतो, एका जागी अडखळतो, आणि एकूण गाणं संपतं वेळेवर. म्हणून मला कधी कळलं नाही.

तबलावाली

समेवर आधी हजर होणं हा सगळ्यात जुना आजार. तिहाई (एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येणं) घेतली की माझी मुलं असंच करतात. शेवट दिसला की धाव घ्यायची. फिल तोंडाने म्हणा, पाय ठोक्यावर, आणि सम पायाला देऊ दे, हाताला नको.

सनीवेलकर

एक विचारू? फिल घ्यायच्या आधी उजवा हात थांबतो का?

सहावी_तार

व्हिडिओ बघितला. थांबतो. तिसऱ्या ठोक्यानंतर हात साउंडहोलवर येऊन क्षणभर उभा राहतो आणि मग फिलवर झडप घालतो. मांजरासारखा.

सनीवेलकर

मिळालं. हात थांबू द्यायचा नाही. आवाज करायचा नसेल तेव्हाही तो खाली-वर झुलतच राहिला पाहिजे, तारांना न लागता. ठोक्यावर खाली, मधल्या जागेवर वर. मग फिलमधला कुठला स्वर खाली येतो आणि कुठला वर हे आपोआप ठरतं, तुम्ही ठरवायचं नाही. सुरुवातीला तारांवर डावा हात आडवा टाकून मुक्या तारांवरच करा.

आणि एफसाठी: एफ धरायचा सराव नको, एफकडे जायचा सराव. आधीच्या कॉर्डचा शेवटचा वरचा स्ट्रोक मोकळ्या तारांवर गेला तरी चालतो, ऐकणाऱ्याला खुपत नाही. तेवढ्यात डावा हात निघालेला असतो.

मांडवीकाठ

मेट्रोनोमला आणखी एक काम द्या. गाणं १०० चं असेल तर तो ५० ला लावा आणि ती टिक दुसऱ्या-चौथ्या ठोक्यावर पडते असं धरा. पहिला ठोका तुमचा तुम्ही राखायचा. आमच्याकडे लग्नातल्या बँडवाले पोरांना असंच बसवतात. पहिले दोन दिवस डोकं फिरतं.

बोरूबहाद्दर

अवांतर: हे यंत्र १८१५ मध्ये मेल्त्सेलने पेटंट केलं आणि दोनच वर्षांत बीथोव्हेनने आपल्या सिम्फनींचे आकडे छापून दिले. त्यातले काही इतके जलद आहेत की दोनशे वर्षं लोक भांडताहेत, आकडे चुकले की त्याचं यंत्र बिघडलं होतं.

अळूवडी

त्याच्याकडे पण ब्लूटूथ असेल.

रा_रा_राघव

एवढं सगळं करण्यापेक्षा सरळ क्लास लावा.

तबलावाली

@राघव, हे मात्र पटतं. महिन्यातून एकदा का होईना, जाणत्या माणसासमोर बसावं. तो मांजराचा हात समोर बसलेल्याला पाच मिनिटांत दिसला असता.

घाटमाथा

एक गंभीर सूचना. सराव करताना मनगटात किंवा अंगठ्याच्या मुळाशी दुखायला लागलं तर थांबा. मी १२० वरून १४० ला जाताना दुखणं अंगावर काढलं आणि सात आठवडे गिटार भिंतीवर टांगून ठेवावी लागली. डॉक्टरांनी विचारलं, काय वाजवता? म्हटलं, स्केल.

बोरूबहाद्दर

@घाटमाथा, दादा, आता तुमच्याबद्दल प्रेम वाटायला लागलंय.

सहावी_तार (१० ऑगस्ट, रात्री १०:३०)

बरेच दिवसांनी येतोय. काही जणांनी व्यनितून (खाजगी निरोपातून) विचारलं म्हणून हिशेब देतो.

सेटअप झाला. जाड तार २.५, बारीक १.९, तारा ११ च्या. पहिल्या दिवशी एफ धरला तर लागलाच, मी इतका दाबायला तयार होतो की बोट घसरलं. बी मायनरची पहिली तार बोलते आता. सहा वर्षं मी माझ्या बोटांना शिव्या देत होतो.

वेग: स्केल ठोक्याला चार, १०४ ला स्वच्छ. पाच स्वरांचा झटका १२० ला दहापैकी सात वेळा ठोक्यावर बसतो, नऊ स्वरांचा अजून नाही. तबलावाली ताईंचं चारवरून तीन अजून घसरतं. पण घसरलं की आता मला ऐकू येतं, आधी येत नव्हतं. तिरकिट-तकिट कंपनीच्या बसमध्ये करतो. शेजारी बसणाऱ्याने जागा बदलली.

दुसऱ्या प्रश्नाचं असं की फिलनंतर समेवर आता १५-२० मिलिसेकंदच आधी येतो. कधी कधी रेघेवर. हात झुलता ठेवायचा हे डोक्याला कळतं, पण गर्दी बघितली की परत मांजर होईल असं वाटतं.

आणि एक भानगड झालीय. परवा तालमीत आम्ही चौघांनी एकत्र रेकॉर्ड केलं. वायरचे हेडफोन, प्रत्येकाच्या कानात टिक. घरी येऊन तक्ता केला, सवय लागली आता. त्या सात मात्रांच्या गाण्यात माझी गिटार रेघेवर आहे. काहोन दुसऱ्या कडव्यापासून मागे मागे जातंय, शेवटी जवळजवळ अर्धी मात्रा. आणि तो अजूनही मला म्हणतो, "तू पळतोस."

त्याला तक्ता दाखवू का?

तबलावाली

रूपकाची सम 'खाली'वर, म्हणजे टाळी न देण्याच्या मात्रेवर असते, तिथे तो हरवत असेल. दाखवू नका. पुढच्या तालमीला त्याच्याशेजारी बसून मोठ्याने तीन-दोन-दोन मोजा.

शून्य_डेसिबल

दाखवा. आकड्यांवर कुणी रागावत नाही.

अळूवडी

@शून्य_डेसिबल, तुमचं लग्न झालेलं नाही ना?

टिपरी

दाखवा, पण विसर्जनानंतर. आणि तोपर्यंत नुसती भुवई.